झारिणीचा दरबार आणि अबकारीचे खाते: काळ्या स्टाउटची कुळकथा

इम्पीरियल स्टाउट या नावाने विकल्या जाणाऱ्या काळ्या, दाट, कडक बिअरच्या बाटलीवर हटकून दुतोंडी गरुड, मुकुट किंवा एखादा दाढीवाला रशियन असतो. सोबत एक कथाही असते. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिला लंडनची पोर्टर भारी आवडली, बाल्टिक समुद्राच्या थंडीत आणि लांबच्या प्रवासात ती टिकावी म्हणून ब्रुअरांनी ती दुपटीने कडक केली, आणि त्यातून ही काळीशार बिअर जन्माला आली. कथा ऐकायला छान आहे, तिच्या मुळाशी थोडे सत्यही आहे. पण आज ही बिअर तोंडात घेतल्यावर जे जाणवते, म्हणजे कडू कॉफी, डार्क चॉकलेट, किंचित करपलेपणा, त्याचा उलगडा या कथेतून होत नाही. कॅथरीन 1796 साली वारली. ज्या काळ्या भाजक्या माल्टमुळे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीमुळे, ती चव येते, त्याचे पेटंट 1817 सालचे आहे. जिच्या नावावर ही चव खपवली जाते तिच्या पेल्यात ती नव्हती. या बिअरचा कडकपणा एका वाटेने आला आणि काळेपणा दुसऱ्या. पहिली वाट श्रीमंत गिऱ्हाइकाच्या दारातून जाते. दुसरी मात्र सरळ अबकारी कचेरीतून येते, आणि आजची चव समजून घ्यायची तर तीच जास्त महत्त्वाची आहे.

सुरुवात दरबारात झालेली नाही, हे तर नावच सांगते. 18व्या शतकाच्या आरंभी लंडनच्या गोद्यांवर आणि रस्त्यांवर ओझी वाहणारे हमाल, म्हणजे पोर्टर, ही तपकिरी बिअर पीत. 1721 सालच्या छापील मजकुरात तिचा याच नावाने उल्लेख सापडतो. पुढे 1722 साली शोरडिचच्या राल्फ हारवूड नावाच्या ब्रुअरने ती एका झटक्यात शोधून काढली, अशी आख्यायिका तयार झाली. ती पक्की झाली 1802 च्या एका लंडन-मार्गदर्शिकेमुळे, म्हणजे घटनेनंतर ऐंशी वर्षांनी. अलीकडच्या अभ्यासकांनी ती जवळपास निकालात काढली आहे, आणि ते योग्यच आहे. चवी अशा एका माणसाच्या डोक्यातून एका दिवसात निघत नाहीत. प्रत्यक्षात झाले ते हळूहळू झाले: लाकडाच्या धगीवर वाळवलेला स्वस्त तपकिरी माल्ट, भरपूर हॉप्स, लंडनचे कार्बोनेटयुक्त पाणी आणि महिनोन्‌महिने मुरवण्याचा धीर. यातला पाण्याचा भाग लोक विसरतात. असे पाणी फिक्या माल्टशी नीट जमत नाही. गडद माल्टची आम्लता त्याचा क्षारपणा मारते. लंडनला गडद बिअर साधली यात तिथल्या ब्रुअरांच्या हुशारीइतकाच जमिनीखालच्या खडूच्या दगडाचाही वाटा आहे.

मुरवणे म्हणजे भांडवल अडकवणे. बिअर वर्षभर हौदात ठेवायची तर वर्षभराचा पैसाही त्याच हौदात बुडतो, आणि हे छोट्या खानावळवाल्याला परवडणारे नव्हते. म्हणून पोर्टरने लंडनमध्ये मद्यनिर्मितीचे पहिले खरे कारखाने उभे केले. सॅम्युअल व्हिटब्रेडने चिझवेल स्ट्रीटवरच्या ब्रुअरीत 1785 साली वाफेचे इंजिन बसवले. 1787 मध्ये राजा तिसरा जॉर्ज ते पाहायला आला. 1796 मध्ये तिथे एका वर्षात 2 लाखांहून अधिक बॅरल बिअर तयार झाली. सदर्कमधली हेन्री थ्रेलची अँकर ब्रुअरी तो वारल्यावर 1781 साली 1,35,000 पौंडांना विकली गेली. विक्री करणाऱ्या विश्वस्तांत कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन होते, आणि या व्यवहारात ते शब्दांइतक्याच हौसेने रमले होते असे समकालीन सांगतात. घेणारे होते बार्कले आणि पर्किन्स. ही नावे पुढे पुन्हा येणार आहेत. हौद किती मोठे असत याची कल्पना एका दुर्घटनेतून येते. 17 ऑक्टोबर 1814 रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या मो कंपनीच्या हॉर्स शू ब्रुअरीत सुमारे 22 फूट उंचीचा, पोर्टरने भरलेला हौद फुटला. मागच्या सेंट जाइल्स वस्तीतल्या तळघरांत आणि खोल्यांत लोंढा शिरून आठ जण मेले. ती सगळी बायका-मुले होती. चौकशीत हे मृत्यू अपघाती ठरले. कंपनीने सांडलेल्या बिअरवर आधीच भरलेला कर मात्र सरकारकडून परत मिळवला.

आता रशिया. ऑगस्ट 1796 मध्ये चित्रकार जोसेफ फॅरिंग्टनने आपल्या रोजनिशीत नोंद केली आहे की, थ्रेलच्या जुन्या ब्रुअरीतली खास रशियाच्या सम्राज्ञीसाठी केलेली पोर्टर त्याने चाखली आणि ती सात वर्षे टिकते असे त्याला सांगण्यात आले. म्हणजे कॅथरीनची गोष्ट निव्वळ थाप नाही. पण ‘प्रवासात टिकावी म्हणून कडक’ हा तिचा दुसरा अर्धा भाग तपासून पाहिला पाहिजे. लंडन ते सेंट पीटर्सबर्ग हा जहाजाचा प्रवास काही आठवड्यांचा. त्याच काळात लंडनची पोर्टर मुंबई, मद्रास आणि कलकत्त्यालाही जात होती, चार-सहा महिन्यांचा प्रवास करून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, जहाजाच्या तळातला उकाडा सोसून. कंपनी सरकारचे गोरे अधिकारी आणि व्यापारी फिकी पेल एल पीत. बराकीतले साधे गोरे शिपाई पोर्टरच पीत, आणि पुढे त्यांच्यासाठी पोर्टरचे सरकारी ठेके निघत. आज हिंदुस्थानच्या नावाने जगभर गाजते ती फिकी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. बराकीतली पोर्टर कोणाच्या लेबलवर नाही. मुद्दा असा की, ही पोर्टर इम्पीरियल स्टाउटइतकी कडक मुळीच नव्हती आणि तरी ती पोचत होती, कारण हॉप्स आणि नीट मुरवणे यांवर टिकणे पुष्कळसे अवलंबून असते. मग बाल्टिकच्या थंडगार, जवळच्या प्रवासाला दुप्पट कडकपणा कशाला हवा होता? मला याचे उत्तर बाजारात दिसते. पिंपाला जागा तेवढीच लागते आणि भाडेही तेवढेच पडते. त्यात महाग माल भरला तर नफा वाढतो. शिवाय रशियातले उमराव पैसे मोजायला तयार होते.

पुढे राजकारणानेही हात दिला. 1822 च्या रशियन जकात-कायद्याने बहुतेक ब्रिटिश मालाला दार बंद केले, बर्टनच्या गोडसर एललाही. पोर्टर तेवढी वगळली. बर्टनचे ब्रुअर त्या धक्क्याने हिंदुस्थानच्या बाजाराकडे वळले, आणि लंडनच्या काळ्या मालाला बाल्टिकचे रान मोकळे मिळाले. आल्बर्ट ले कॉक नावाचा व्यापारी बार्कले-पर्किन्सची स्टाउट, म्हणजे कडक पोर्टर, बाटल्यांत भरून रशियन साम्राज्यात पाठवू लागला. 1869 मध्ये बाल्टिकमध्ये बुडालेल्या ‘ओलिवा’ या जहाजातून शंभरेक वर्षांनी पाणबुड्यांनी त्याच्या कंपनीचा शिक्का असलेल्या बाटल्या वर काढल्या. 1912 मध्ये कंपनीने आजच्या एस्टोनियातल्या तार्तू इथली ब्रुअरीच विकत घेतली. कडकपणाची कुळी अशी सरळ आहे: श्रीमंत गिऱ्हाईक, मोकळी जकात, हुशार दलाल.

काळेपणाची कुळी इतकी सरळ नाही. ती एका मोजमापाच्या उपकरणापासून सुरू होते. 1780 च्या दशकात हलच्या जॉन रिचर्डसनने हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजण्याचे उपकरण, ब्रुअरांच्या हातात दिले. आंबवण्यापूर्वीच्या गोड काढ्यात माल्टमधून किती साखर उतरली हे आता मोजता येऊ लागले. मोजल्यावर जे दिसले ते पोर्टरवाल्यांना झोंबणारे होते. स्वस्त म्हणून वापरलेला तपकिरी माल्ट जोरदार धगीत अर्धा जळून गेलेला असे. त्यातून उतरणारा गर फिक्या माल्टच्या मानाने फारच कमी होता. पोत्याचा भाव पाहिला तर तपकिरी स्वस्त, पण गराचा भाव पाहिला तर महाग. त्यात फ्रान्सशी युद्ध पेटले आणि सरकारने माल्टवरचा कर वाढवत नेला. 1804 पर्यंत तो 1802 च्या आधीच्या तिपटीवर गेला. कर माल्टच्या मापावर होता, त्यातून काय निघते यावर नव्हता. तेव्हा ज्या मापातून जास्त गर निघेल तो फिका माल्ट वापरणे हे साधे गणित होते, आणि सगळ्या मोठ्या ब्रुअरांनी ते केले. पोर्टरमधला तपकिरी माल्ट वर्षागणिक घटत गेला.

आणि तिथेच फसगत झाली. गिऱ्हाइकाकडे हायड्रोमीटर नव्हता, डोळे होते. त्याच्या मनात गडद म्हणजे दमदार हे समीकरण शंभर वर्षांत ठाम बसले होते. फिक्या माल्टची पोर्टर आतून तितकीच कडक असली तरी पेल्यात पातळ आणि फिकी दिसे, आणि गिऱ्हाईक पाणी घातले म्हणून ओरडे. म्हणून रंग बाहेरून घालण्याचा धंदा सुरू झाला. जळकी साखर, काकवी, ज्येष्ठमध, काय वाटेल ते. 1802 मध्ये मॅथ्यू वुड नावाच्या हॉप्सच्या व्यापाऱ्याने अशा रंगाचे पेटंटच घेतले. पुढे तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला, तेव्हा रंगाने त्याचे काही बिघडवले नाही. रंगामागून बनावट कडकपणाही आला. रसायनज्ञ फ्रेडरिक आकुम याने 1820 मध्ये अन्नातल्या भेसळीवर जे गाजलेले पुस्तक लिहिले, त्यात पोर्टरमधल्या भेसळींची लांबलचक यादी आहे. तिच्यातला एक जिन्नस आपल्या ओळखीचा आहे: काकमारी. पश्चिम घाटात आणि मलबारात मिळणारे हे विषारी फळ आपल्याकडे मासे गुंगवायला पाण्यात टाकत. लंडनमध्ये ते पाणी मारलेल्या बिअरला झिंग आणायला वापरले जाई. म्हणजे मलबारच्या ओढ्यातला मासा आणि लंडनचा हमाल एकाच फळाने गुंगवले जात होते. गडद रंगाखाली हे सगळे बेमालूम लपत असे.

सरकारला लोकांच्या पोटापेक्षा महसुलाची काळजी जास्त होती. बिअरमध्ये साखर किंवा रंग गेला की तेवढ्या माल्टचा कर बुडतो. म्हणून 1816 च्या कायद्याने ब्रुअरांना माल्ट आणि हॉप्स यांखेरीज काहीही वापरायला आणि जवळ बाळगायलाही मनाई केली. आता पेच पडला: रंग हवा, पण तो माल्टमधूनच आला पाहिजे, आणि तपकिरी माल्ट तर परवडत नाही. 1817 च्या मार्च महिन्यात डॅनियल व्हीलरने हा पेच सोडवला. कॉफी भाजायच्या यंत्रासारख्या फिरत्या पत्र्याच्या पिंपात त्याने माल्ट 200 अंश सेल्सियसच्या वर भाजला, इतका की तो काळा पडला पण कोळसा झाला नाही. मूठभर काळ्या माल्टने पिंपभर फिकी बिअर गडद होऊ लागली, कायदा पाळला गेला, कर भरला गेला, गिऱ्हाईकही खूश. आयर्लंडच्या ब्रुअरांनी तपकिरी माल्टला लवकरच पूर्ण रजा दिली आणि फिका अधिक काळा एवढ्यावर काम भागवले; लंडनच्या ब्रुअरांनी थोडा तपकिरी ठेवून वर काळा घातला. कॉफीच्या यंत्रासारख्या यंत्रात भाजल्यावर कॉफीसारखी चव येणारच. ती कोणी मागितली नव्हती. रंग हवा होता, चव त्याच्या पाठोपाठ आली.

यावर एक आक्षेप वाजवी आहे. पोर्टर तर 1817 च्या आधीही गडदच होती. मग व्हीलरने नवे काय केले? खरे आहे, पण जुना गडदपणा तपकिरी होता, काळा नव्हता, आणि त्याची चव भाजलेल्या पावाच्या कडेची, धुराची, मुरलेल्या आंबटपणाची होती. शिवाय त्या बिअरमध्ये रंग आणि कस एकाच माल्टमधून येत. व्हीलरने या दोन गोष्टींची फारकत केली. स्वयंपाकघरात ब्याडगी मिरची जे करते तेच काळ्या माल्टने केले: रंग तिचा, तिखटपणा दुसऱ्या मिरचीचा. काळ्या माल्टमधून आंबण्याजोगी साखर जवळपास निघतच नाही आणि एकूण माल्टमध्ये त्याचे प्रमाणही अल्प असते. अल्कोहोल, जिभेवरचा जडपणा, शेवटी घशात जाणवणारी ऊब, हे सगळे फिक्या माल्टचे देणे. उलट पुरावाही आहे. 18व्या शतकात आणि 19व्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनचे ब्रुअर फिक्या माल्टची स्टाउट विकत, आणि ती कडक असे. त्या काळी स्टाउट म्हटले की रंगाची अट नव्हती.

दुसरा आक्षेप असा येईल की, मी सगळे श्रेय कराला आणि यंत्राला देऊन पिणाऱ्याच्या आवडीला वगळतो आहे. वगळत नाही. पिणाऱ्याने फिकी पोर्टर मुकाट्याने घेतली असती तर व्हीलरला कोणी विचारले नसते. पण त्याची आवड रंगाची होती, भाजक्या चवीची नव्हती, एवढेच माझे म्हणणे आहे. ती चव अंगवळणी पडायला आणि मग आवडायला एक पिढी गेली. तेवढ्यात दुसरी एक आवड सुटलीही: 1830 च्या दशकात लंडनकरांना मुरलेल्या आंबूस पोर्टरपेक्षा ताजी, गोडसर पोर्टर रुचू लागली आणि ते अवाढव्य हौद हळूहळू निरुपयोगी झाले. मुरवण्याची रीत कडक स्टाउटपुरती उरली. तिच्यात आणखी एक अदृश्य भागीदार होता. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या क्लाउसेनने 1904 मध्ये जाहीर केले की, इंग्लंडच्या मुरलेल्या बिअरला तिची खास चव देते ते लाकडात वसणारे एक सावकाश काम करणारे यीस्ट, ब्रेटॅनोमायसिस. आजच्या बहुतेक ब्रुअरींत हे यीस्ट दिसले तर नळ्या उकळून धुतात. म्हणजे जुन्या दरबारी स्टाउटमधला चामड्यासारखा, वाइनसारखा आंबट कोपरा आजच्या स्टाउटमधून गेला आहे, आणि तिच्यात नसलेला कॉफीचा कोपरा आला आहे. नाव एकच राहिले आहे.

20व्या शतकात ही बिअर जवळजवळ संपलीच होती. पहिल्या महायुद्धात धान्य आणि इंधन वाचवण्यासाठी ब्रिटिश सरकारने बिअर पातळ करायला लावली, आणि 1917 च्या क्रांतीनंतर रशियन गिऱ्हाईकही गेले. बार्कले-पर्किन्स 1955 मध्ये करेज कंपनीत विलीन झाली. करेजने इम्पीरियल रशियन स्टाउट छोट्या बाटल्यांत, वर्षाचा शिक्का मारून, 1993 पर्यंत चालू ठेवली. तिला नवे आयुष्य दिले ते लेखकाने आणि आयातदाराने. इंग्रज बिअर-लेखक मायकेल जॅक्सन याने 1977 च्या आपल्या जागतिक बिअर-ग्रंथात असे विसरलेले प्रकार वाचकांपुढे मांडले, आणि 1980 च्या दशकात एका अमेरिकन आयातदारासाठी यॉर्कशायरच्या सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीने इम्पीरियल स्टाउट बनवली. अमेरिकेच्या छोट्या ब्रुअरांनी मग ती उचलली, 10-12 टक्क्यांपर्यंत नेली, भाजकेपणा वाढवला, बर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत मुरवली. त्यांच्यापुढे जुनी पाककृती कमी आणि ती कथा जास्त होती. म्हणूनच गरुड आणि मुकुट आले.

एवढा इतिहास माहीत असला तरी जिभेला त्याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. जीभ काही सनावळ्या चाखत नाही. पण चाखणे म्हणजे जे एकदम येते ते वेगळे करून ओळखणे, आणि त्याला हा इतिहास सरळ मदत करतो. फ्रिजमधून काढल्याबरोबर ही बिअर मुकी असते. 10 ते 13 अंशांपर्यंत येऊ द्यावी, तोंडाशी निमुळता होणाऱ्या ग्लासात थोडी ओतावी. उजेडाकडे धरली तर कडेला काळ्याचा तांबूस होतो: काळा माल्ट रंग म्हणून किती वापरला याचा तो साधा हिशोब. पहिल्या घोटातली कॉफी, कोको आणि हिरडीला जाणवणारा तुरटपणा हा व्हीलरच्या पिंपाचा भाग. त्याखाली खारीच्या कडेसारखी, भाजल्या पावाची चव असेल तर ब्रुअरने तपकिरी माल्ट ठेवला आहे. ती लंडनच्या जुन्या घराण्याची खूण. खजूर-मनुकांचा वास आणि घशातली ऊब हे दाट काढ्याचे आणि यीस्टचे काम, त्याचा रंगाशी संबंध नाही. शेरीसारखा किंवा सोया सॉसकडे झुकणारा खारटपणा हा वयाचा. व्हॅनिला आणि लाकूड आले तर ते अमेरिकन पिंपाचे, दरबाराचे नव्हे. ज्या स्टाउटमध्ये यांपैकी फक्त करपलेपणाच जाणवतो ती कितीही टक्क्यांची असली तरी मला अपुरी वाटते. तिथे ब्रुअरनेही गिऱ्हाइकाची जुनी चूक केली आहे, रंगालाच कस समजण्याची.

ही चूक आपल्याकडे मात्र उलट्या बाजूने दिसते. महाराष्ट्रातल्या परमिट रूममध्ये बसल्यावर वेटर पहिले विचारतो, माइल्ड की स्ट्राँग? इथे स्ट्राँग म्हणून येते ती पिवळीधमक लागर, आणि भेद ठरतो तो केवळ अल्कोहोलवर: 5 टक्क्यांच्या आत माइल्ड, वर स्ट्राँग. राज्याची अबकारीही याच रेषेवर कर आकारते. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या मानकांत स्ट्राँग बिअरची वरची मर्यादा 8 टक्के आहे, म्हणजे खऱ्या इम्पीरियल स्टाउटच्या बऱ्याच खाली. 2009 मध्ये पुण्यात डूलालीने मायक्रोब्रुअरी सुरू केल्यापासून पुण्या-मुंबईत नळाची ताजी स्टाउट मिळू लागली आहे; ती रंगाने पुरती काळी आणि चवीने कॉफीची असली तरी बहुधा शेजारच्या टेबलावरच्या पिवळ्या स्ट्राँगपेक्षा सौम्य असते. जास्त कडक आणि काळी अशी जुनी जोडी हवी असेल तर शेजारच्या श्रीलंकेत ती वसाहतकाळापासून टिकली आहे: न्युवारा एलियाच्या थंड डोंगरात सुरू झालेल्या ब्रुअरीची लायन स्टाउट, 8 टक्क्यांच्या वरची. ती तिथे कुठल्या खास चाखण्याच्या मैफलीत नव्हे, तर साध्या दारू-दुकानात लागरच्या शेजारी मिळते.